मावशीचा सोनटक्का ऑकलंडला का चालत नाही?

भाद्रपदात मावशी लेकाकडे ऑकलंडला निघाली. नागपूरला धरमपेठेतल्या तिच्या घरी पलंगभर सामान पसरलं होतं आणि त्याच्या मधोमध ओल्या पेपरात गुंडाळून वरून पॉलिथिन बांधलेली एक पुरचुंडी होती. मोरीच्या पाण्यावर वर्षानुवर्षं वाढलेल्या सोनटक्क्याचे दोन गड्डे. नातवाच्या अंगणात लावायला.

व्हिडिओ कॉलवर मावसभावाने ती पुरचुंडी पाहिली आणि ओरडलाच, "आई, ते काढ आधी! इथे त्याच्यावर बंदी आहे."

"फुलावर बंदी?" मावशी म्हणाली. "मी काय गांजा नेऊन राहिली का?"

मावसभावाने जरा सरसकट सांगितलं होतं. न्यूझीलंडमध्ये विकायला, लावायला आणि वाढवायला बंदी आहे ती सोनटक्क्याच्या दोन भावंडांवर. दोन्ही पिवळ्या फुलांची. पण परवान्याशिवाय कुठलाच ओला कंद तिथल्या विमानतळाबाहेर जाऊ देत नाहीत, आणि तो सामानात आहे हे न सांगता सापडला तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. गड्डे माझ्या गच्चीवर आले. मावशी रुसून विमानात बसली. आपल्या अंगणात सालस राहणारं झाड समुद्रापलीकडे गुन्हेगार कसं होतं, या प्रश्नाने पुढचे काही महिने माझी मात्र करमणूक झाली.

प्रश्न एकट्या मावशीचा नाही. जैवविविधतेबद्दल सरकारांना सल्ला देणाऱ्या आयपीबीईएस या आंतरराष्ट्रीय मंडळाने सप्टेंबर २०२३ मध्ये एक मोठा अहवाल दिला. माणसाने जगभर इकडून तिकडे नेलेल्या ३७,००० हून जास्त प्रजाती नव्या जागी रुजल्या आहेत, त्यांतल्या ३,५०० हून अधिक तिथे घातक ठरल्या आहेत, असं त्यात म्हटलं आहे. या घातक ठरलेल्यांना नाव आहे ‘आक्रमक परदेशी प्रजाती’. नाव जड आहे, अर्थ सोपा: माणसाने आणलेली, स्वतःच्या बळावर पसरलेली आणि तिथल्या मूळ जिवांना भारी पडलेली. तीनही गोष्टी हव्यात. नुसतं परदेशी असणं पुरत नाही.

आधी घराण्याची ओळख

सोनटक्का आल्या-हळदीच्या कुळातला. वेलदोडाही त्याच कुळातला. शास्त्रीय नाव हेडिचियम. ग्रीकमध्ये ‘हेडिस’ म्हणजे गोड आणि ‘चिऑन’ म्हणजे बर्फ. आपल्या पांढऱ्या सोनटक्क्याचा वास तिन्हीसांजेला अंगणात पसरतो, तो घेतला की हे नाव ठेवणाऱ्याची रसिकता पटते. हा वास आपल्यासाठी नसतो. लांब सोंडेचे पतंग अंधारात फूल शोधत येतात, त्यांच्यासाठी असतो.

सोनटक्क्याच्या बहुतेक जाती पूर्व हिमालयापासून आग्नेय आशियापर्यंतच्या ओलसर डोंगरांतल्या. पांढरा सोनटक्का तिथून निघून इतका फिरला की आज तो क्युबाचं राष्ट्रीय फूल आहे. तिथे त्याला ‘मारिपोसा’, म्हणजे फुलपाखरू म्हणतात. स्वातंत्र्ययुद्धात तिथल्या बायका या फुलांत चिठ्ठ्या लपवून न्यायच्या, असं सांगतात. हवाईत मात्र हाच पांढरा सोनटक्का ओढ्यांच्या काठाने रान धरून बसला आहे. बेट तेही आणि बेट हेही, पण एका ठिकाणी झेंड्याचा मान आणि दुसऱ्या ठिकाणी कुदळ.

खरा बदनाम झाला तो त्याचा भाऊ, काहिली जिंजर, न्यूझीलंडमध्ये बंदी असलेल्या त्या दोघांपैकी एक. पुरुषभर उंच, पिवळी फुलं, त्यांतून बाहेर आलेले तांबडे केसर. तो सिक्कीम-नेपाळकडचा. शास्त्रीय नावात एडवर्ड गार्डनर या काठमांडूतल्या ब्रिटिश रेसिडेंटाचं नाव जोडलेलं आहे. निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाने, म्हणजे आययूसीएनने, जगातल्या १०० अतिउपद्रवी आक्रमक प्रजातींची यादी केली, त्यात हा आहे. नागपूरकरांसाठी खुलासा: ‘काहिली’चा उन्हाशी काही संबंध नाही. हवाईच्या राजघराण्यापुढे पिसांच्या उंच चवऱ्या धरत, त्या चवरीला तिकडे काहिली म्हणतात. अंगाची काहिली करणाऱ्या आपल्या मे महिन्यात हे झाड आठवडाभरही टिकणार नाही.

सोनटक्क्याला इंग्रजीत ‘हर्ब’ म्हणतात, तो शब्दही स्पष्ट करते. इंग्रजी ‘हर्ब’चं भाषांतर आपण सवयीने ‘औषधी वनस्पती’ असं करतो आणि घोटाळा होतो. वनस्पतिशास्त्रात हर्ब म्हणजे ज्याच्या खोडाचं लाकूड होत नाही ते झाड. या हिशेबाने केळही हर्बच. सोनटक्काही तसाच: वरची ताटं मऊ, आणि सगळी पुंजी जमिनीखाली.

बेट म्हणजे शनी नसलेलं शिंगणापूर

शनी शिंगणापुरात घरांना दारं नाहीत, कारण चोरी करणाऱ्याला शनिदेव बघून घेतो अशी श्रद्धा आहे. आता असं गाव डोळ्यांपुढे आणा, जिथे दारं नाहीत पण शनीही नाही. तिथे दारं नाहीत ती फक्त यासाठी, की लाखो वर्षांत कुणी चोर आलाच नाही. समुद्रात दूर एकटी पडलेली बेटं अशी असतात.

हवाई बेटं कुठल्याही खंडापासून साडेतीन हजार किलोमीटरहून जास्त लांब आहेत. ज्वालामुखीतून वर आलेली, म्हणजे सुरुवातीला नुसता काळा दगड. तिथे एखादं बी पोचायचं तर वाऱ्यावर, लाटेवर किंवा पक्ष्याच्या पोटातून. अभ्यासकांचा ढोबळ अंदाज असा की, एक नवी फुलझाडाची जात येऊन रुजायला सरासरी लाखभर वर्षं लागत. जी आली त्यांना मैदान मोकळं मिळालं. त्यांच्यापासून शेकडो नव्या जाती तयार झाल्या आणि आज तिथल्या मूळ फुलझाडांपैकी सुमारे ९० टक्के जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. अशांना ‘प्रदेशनिष्ठ’ म्हणतात.

तिथे चरणारी जनावरं नव्हती, म्हणून झाडांनी हत्यारं टाकून दिली. हवाईतल्या रासबेरीला काटे जवळजवळ नाहीत. खाजकुयलीसारखी आग करणाऱ्या कुळातलं ‘मामाकी’ नावाचं झुडूप अंगाला लागलं तरी काही होत नाही. पुदिन्याच्या कुळातल्या झाडांना वास नाही, कारण तो वासही मुळात खाणाऱ्याला दूर ठेवायचं हत्यारच असतं. काटे आणि वास तयार करायला खर्च येतो. शत्रू नसेल तर ती उधळपट्टी कोण करील?

अशा गावात हिमालयातून सोनटक्का उतरला.

माहेरी धाक होता

सिक्कीमच्या जंगलात काहिली जिंजर वाट्टेल तसं पसरत नाही. तिथे त्याच्या पानांवर, दांड्यावर आणि कंदावर जगणाऱ्या किडी आहेत, बुरशी आहेत. त्याच्याच ताकदीची दहा झाडं उजेडासाठी रेटारेटी करत असतात. एकत्र कुटुंबात जसा प्रत्येकाला प्रत्येकाचा थोडा जाच असतो आणि त्यामुळे कुणीच माजत नाही, तसं. जहाजातून किंवा पेटीतून एक गड्डा समुद्रापार जातो तेव्हा झाड जातं, जाच मागे राहतो. झाड तेच आहे. त्याचा स्वभाव बदललेला नाही, शेजार बदलला आहे.

या साऱ्या प्रकरणातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट हीच. आपण झाडांना चांगलं-वाईट ठरवून मोकळे होतो. ‘हे झाड कुठे’ हा प्रश्न सोडून ‘हे झाड कसं’ असं विचारलं की उत्तर चुकतंच.

गड्डा आणि चष्मेवाला

हळद लावणाऱ्याला पुढचं सांगायची गरज नाही. जेठा गड्डा, बगल गड्डा, हळकुंड, कशालाही डोळा असला की कोंब येतो. काहिली जिंजरचे कंद एकमेकांवर चढत जाऊन जमिनीवर मीटरभर जाडीची गादी तयार करतात. त्या गादीत दुसऱ्या झाडाचं बी पडलं तर त्याला माती सापडत नाही, आणि सापडलीच तर वर पानांचं छत असं दाट की ऊन सापडत नाही. डोंगरावरून पाण्याने एक तुकडा वाहून नेला की खाली नवी गादी सुरू.

त्यात हे झाड दोन्ही हातांनी पसरतं. फुलं गेली की नारिंगी बोंडं उकलतात आणि आत लालभडक बिया दिसतात, एका तुऱ्यात शंभराच्या घरात. पक्षी त्या खातात आणि मैलभर जंगलाच्या आत टाकून येतात. हवाईत हे काम करणारा एक पक्षी म्हणजे जपानी चष्मेवाला. तोही तिथला नव्हे, १९२९ साली माणसाने आणून सोडलेला. हिमालयातल्या झाडाचं बी जपानी पक्षी पॅसिफिकमधल्या बेटावर पेरतो आहे. दोघांनाही तिथे माणसाने नेलं, आणि तिथे त्यांची गट्टी जमली.

एवढी फुलं वाढली तर बिघडलं काय?

हा प्रश्न मावशीचा. पर्यटकही हाच विचारतात, कारण बहरलेलं काहिली जिंजरचं रान डोळ्यांना खरंच सुंदर दिसतं.

हवाईच्या जंगलाचा खांब म्हणजे ‘ओहिया’ नावाचा वृक्ष. लाल झुपक्यांच्या फुलांचा, आणि तिथले मध पिणारे दुर्मीळ पक्षी त्याच्यावर जगतात. म्हातारे ओहिया उभे आहेत, पण त्यांच्या पायथ्याशी काहिली जिंजरची गादी असली तर खाली रोपच उगवत नाही. वरून पाहणाऱ्याला जंगल हिरवंगार दिसतं. प्रत्यक्षात ते शाळा बंद पडलेल्या गावासारखं झालेलं असतं: म्हातारे आहेत, पोरं नाहीत. वीस-तीस वर्षं कुणाच्या लक्षातही येत नाही.

अटलांटिक महासागरातल्या अझोरेस बेटांवर याचं टोक दिसलं. साओ मिगेल बेटाच्या पूर्वेकडच्या डोंगरात ‘प्रियोलो’ नावाचा चिमणीपेक्षा थोराड पक्षी राहतो आणि तो जगात फक्त तिथेच आहे. तिथल्या मूळ झाडांच्या कळ्या आणि बिया हे त्याचं खाणं. जंगल तोडलं गेलं हे एक, आणि उरलेल्या जंगलात काहिली जिंजर व इतर बाहेरची झाडं घुसली हे दुसरं. २००५ साली तो ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला. मग लोकांनी जिंजर खणून काढून मूळ झाडं परत लावायला घेतली. २०१६ पर्यंत त्याचा धोका दोन पायऱ्या खाली आला. म्हणजे हे प्रकरण हाताबाहेरच गेलं आहे असंही नाही, पण एका चिमुकल्या पक्ष्यासाठी केवढी खणाखण.

आयपीबीईएसच्या अहवालातला एक आकडा इथे ठेवते: एखादी प्रजाती जगातून नष्ट होण्याच्या नोंदलेल्या ज्या घटनांमागे मुख्य हात आक्रमक परदेशी प्रजातींचा होता, त्यांपैकी ९० टक्के बेटांवर घडल्या.

“अन् मग संत्रं? तेही बाहेरचंच!”

हा आक्षेप नागपुरात येणारच, आणि यायलाच हवा. संत्रं भोसल्यांच्या काळात इथे आलं. भिवापुरी मिरचीचे पूर्वज अमेरिका खंडातले. टोमॅटो, बटाटा, पेरू, सीताफळ सगळे पाहुणे. त्यांना इथे कुणी आक्रमक म्हणत नाही.

कारण संत्र्याचे लाड पाहा. जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधायचा, बहाराआधी पाणी तोडून ताण द्यायचा, मग मोजून पाणी सोडायचं, डिंक्या रोगापासून जपायचं, आणि एवढं करून आंबिया बहार गळाला की डोक्याला हात लावायचा. ज्या झाडाला माणसाशिवाय चार वर्षं काढता येत नाहीत ते कुणावर आक्रमण करणार? परदेशातून आलेल्या झाडांपैकी फार थोडी स्वतःच्या पायावर रानात उभी राहतात, आणि त्यांतली आणखी थोडी उपद्रवी होतात.

याहून चांगला दाखला सोनटक्क्याच्या घरातच आहे. हळद हवाईत कित्येक शतकांपूर्वी पोहोचली. पॉलिनेशियन दर्यावर्दी ती होडीतून घेऊन आले, तिला तिथे ‘ओलेना’ म्हणतात. तिने जंगल गिळलं नाही, कारण हळदीत सहसा बी धरत नाही. कुणी गड्डा लावला तरच ती पुढे जाते. कूळ तेच, पण पक्ष्यांना वाटायला लाल बिया नाहीत. तेवढ्याने सगळं बदललं.

“निसर्गात हे चालायचंच,” असंही काही जण म्हणतात. चालायचंच, पण लाख वर्षांत एक पाहुणा येणं आणि दर विमानाबरोबर दहा येणं यात फरक आहे. पहिल्या प्रकारात घरच्यांना जागा करून द्यायला वेळ मिळतो.

मग उपटून का टाकत नाहीत?

टाकतात. गड्डे खणायचे, तुकडा राहू द्यायचा नाही, कंपोस्टमध्ये टाकायचे नाहीत कारण तिथेही फुटतात. घरामागचं बेट असेल तर एका रविवारी होतं. कड्याकपारीवरचं, जिथे माणूस दोरीने उतरतो, तिथे काय करणार? ताटं कापून कंदावर तणनाशक लावतात, पण दर वर्षी परत जावं लागतं.

म्हणून दुसरा विचार निघाला: जाच मागे राहिला ना, मग तो जाचच तिथे पाठवू. याला ‘जैविक नियंत्रण’ म्हणतात. न्यूझीलंड आणि हवाईच्या वतीने संशोधकांनी सिक्कीममध्ये येऊन काहिली जिंजरच्या माहेरच्या किडी शोधल्या. एक सोंडकिडा आणि एक माशी यांच्याकडून आशा आहे.

इथे कुणीही हात वर करून विचारेल, ती कीड आल्या-हळदीवर गेली तर? प्रश्न रास्त आहे आणि इतिहासाने शिकवलेला आहे. हवाईत उसाच्या मळ्यांत उंदीर माजले म्हणून १८८३ साली मुंगूस आणलं. ते मूळचं भारतातलंच, जमैकामार्गे गेलेलं. मुंगूस दिवसा हिंडतं आणि उंदीर रात्री. दोघांची गाठ क्वचितच पडली, आणि मुंगसाने जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी खाऊन घेतली. आपल्याकडे मुंगूस आडवं गेलं तर शुभ मानतात. हवाईतल्या पक्ष्यांना तसं वाटत नसावं.

म्हणून आता कीड सोडण्याआधी वर्षानुवर्षं बंदिस्त जागेत तपासतात. आल्यावर ठेवून बघतात, हळदीवर ठेवून बघतात, उपाशी ठेवून बघतात. हवाई आणि न्यूझीलंड या दोन्ही ठिकाणी आल्याच्या कुळातलं मूळचं एकही झाड नाही, हे इथे पथ्यावर पडतं. जपायचं आहे ते मुख्यतः शेतातल्या आल्याला. आणि यशाचा नमुना पाहायला लांब जायला नको. पावसाळ्यात रिंग रोडच्या कडेला गाजरगवत पाहा. काळ्या-तपकिरी रेघांचे पिवळट भुंगेरे पानांची चाळण करताना दिसले तर ते मेक्सिकोचे, १९८४ साली बंगळुरूला सोडलेले. गाजरगवत संपलं का? नाही. पण जुलै-ऑगस्टमध्ये काही पट्टे झोडपून काढतात खरे. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाकडून हे भुंगेरे लोकांना मिळतातही.

अंबाझरी हे उलटं बेट

माझ्या गच्चीतला सोनटक्का नागपूरला धोका नाही. पंचेचाळीस अंशांत त्याची पानं कागदासारखी वाळतात, मे महिन्यात दिवसातून दोनदा पाणी घालूनही गड्डा वाचला तर नशीब. इथला उन्हाळाच आपला शनी आहे. त्यामुळे आजीने दिलेलं फूल काढून टाका असं मी कुणाला सांगत नाही.

पण बेट म्हणजे फक्त समुद्रातली जमीन नव्हे. सभोवती वेगळं जग आणि मधे एक बंदिस्त तुकडा, म्हणजे बेट. डोंगरमाथा हे बेट आहे. तलाव हेही बेटच, फक्त उलटं: जमिनीने वेढलेलं पाणी. नागपूरच्या अंबाझरी तलावात जलपर्णी आहे, ती दक्षिण अमेरिकेतली. तिची जांभळी फुलं आवडली म्हणून कुणीतरी हौसेने ती जगभर नेली. तलावात उन्हाळ्याची काहिली पोचत नाही, पाणी असतं, वरून सांडपाण्याचं खत असतं. शनीच नाही. मग मशिनी लावून ट्रकच्या ट्रक काढा आणि पुढच्या वर्षी पुन्हा काढा. घरचा फिशटँक आवरताना मासे आणि पाणवेली फुटाळा तलावात सोडून देणाऱ्यांना आपण दयाळू समजतो. मावशीची पुरचुंडी आणि ती पिशवी यांत मला फारसा फरक दिसत नाही.

मावशी आता ऑकलंडला रुळली आहे. मावसभाऊ कधीकधी रविवारी शेजाऱ्यांबरोबर घरामागच्या ओढ्यावर जिंजर खणायला जातो. परवा त्याने फोटो पाठवला: काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या, तोंडापर्यंत गड्ड्यांनी भरलेल्या, आणि कोपऱ्यात हातमोजे घातलेली मावशी. खाली तिचा आवाजी निरोप होता.

"बघ ना, केवढाले गड्डे फेकून राहिले हे लोक! एक तरी कुंडीत लावू द्या म्हटलं, तर ऐकत नाहीत."